स्पोर्ट एटीव्ही की फोर बाय फोर : सोलापूरच्या वाटांसाठी निवड कशी करावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. राहणे सोलापुरात, शेती वैरागजवळ, बुलेट चालवण्याचा अनेक वर्षांचा सराव. आता रविवारी दोन-तीन मित्रांसोबत पाणंद रस्ते, ओढे, मुरमाड माळ आणि जमल्यास बार्शीपलीकडे बालाघाटच्या डोंगररांगेच्या पायथ्यापर्यंत एटीव्हीवरून, म्हणजे कच्च्या वाटांसाठीच्या, हँडल असलेल्या चारचाकीवरून, भटकायचे आहे. एक मित्र जुनी यामाहा रॅप्टर ७०० ही स्पोर्ट गाडी घे म्हणतो, विक्रेता पोलारिस स्पोर्ट्समन ५७० पुढे करतो (नावात स्पोर्ट असले तरी ती फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर मिळणारी गाडी आहे), आणि बारा वर्षांच्या मुलाला कधीमधी मागे बसवता येईल का, हेही तुम्ही विचारले आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो : या वाटांसाठी तुम्ही फोर बाय फोरच घ्यावी, मात्र विक्रेता ज्या कारणासाठी घ्या म्हणतो त्या कारणासाठी नव्हे. तो चिखलाचे कारण सांगतो. आपल्याकडच्या चिखलात चारही चाकांच्या जोराचा उपयोग मर्यादित आहे. ही गाडी तुम्हाला उपयोगी पडेल ती तिच्या सावकाश चालीमुळे, पोटाखालच्या उंचीमुळे आणि कागदपत्रांमुळे.

स्पोर्ट एटीव्ही ही मुळात वेगासाठी बांधलेली गाडी आहे. रॅप्टर ७०० ला ६८६ सीसीचे एक सिलिंडर, हाताचा क्लच, पाच गिअर आणि रिव्हर्स असतो. जोर चेनवाटे फक्त मागच्या चाकांना मिळतो आणि पेट्रोल भरून वजन १९० किलोच्या आसपास भरते. मागचा अ‍ॅक्सल एकसंध असतो, त्यात डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअररचना) नसते, त्यामुळे मागची दोन्ही चाके नेहमी सारख्याच गतीने फिरतात. वळणावर आतल्या चाकाने कमी आणि बाहेरच्या चाकाने जास्त अंतर कापायला हवे. ते येथे होत नसल्याने गाडी सरळच जाऊ पाहते, आणि चालकाने आतल्या बाजूला अंग झुकवून, थ्रॉटल देऊन मागचा भाग किंचित घसरवला तरच ती नीट वळते. मोकळ्या आणि टणक जागेवर या गाडीची सगळी मजा यातच आहे, आणि ती मजा खरी आहे, हे मी नाकारणार नाही. परंतु पाणंदीत दोन्ही बाजूंना बांध आणि बांधावर वेडी बाभूळ असते. मागचा भाग घसरवायला तेथे जागाच मिळत नाही, आणि जो चालक तरीही तसा प्रयत्न करतो त्याचे बाहेरचे चाक बांधावर चढते.

त्याहून मोठी अडचण मागच्या अ‍ॅक्सलची आहे. चेनचे स्प्रॉकेट (दातेरी चक्र) आणि ब्रेकची डिस्क या अ‍ॅक्सलवरच बसवलेली असते, आणि तिच्याखाली जमिनीपासून साधारण दहा-बारा सेंटीमीटरच मोकळी जागा उरते. ऊस गाळपाच्या दिवसांत, म्हणजे साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, आपल्या पाणंदींवरून भरलेल्या ट्रॉल्या सतत जात असतात. त्यांच्या चाकोऱ्या खोल जातात, मध्ये मातीचा उंच वरंबा उभा राहतो आणि तो वाळला की दगडासारखा कठीण होतो. एटीव्ही ट्रॅक्टरपेक्षा अरुंद असल्यामुळे तिची दोन्ही बाजूंची चाके चाकोऱ्यांत एकाच वेळी बसत नाहीत. एक बाजू चाकोरीत आणि दुसरी वरंब्यावर अशी ती कलून चालते. स्पोर्ट गाडीचे स्प्रॉकेट अशा वेळी वरंब्यावर घासते, आणि माळावर आले की तेच बेसॉल्टच्या दगडावर आदळते. सस्पेन्शनची चाल रॅप्टरला भरपूर असते, मागे जवळजवळ २५ सेंटीमीटर. पण ही चाल वेगात उड्या झेलण्यासाठी दिलेली असते. चाल कितीही असली तरी एकसंध अ‍ॅक्सल चाकांच्या पातळीलाच राहतो, त्यामुळे त्याच्याखालची जागा त्या चालीने वाढत नाही.

स्पोर्ट्समन ५७० किंवा तिच्यासारख्या, कामासाठी बांधलेल्या फोर बाय फोर गाड्यांत मागची चाके स्वतंत्रपणे वरखाली होतात, मधला भाग जमिनीपासून २८ सेंटीमीटरच्या आसपास उंच असतो, आणि जोर चेनऐवजी बंद शाफ्टमधून जातो. गिअर पायाने बदलावे लागत नाहीत. पट्ट्यावर चालणारे सीव्हीटी (गती आपोआप जुळवणारी गिअरव्यवस्था) असते आणि त्याला हाय आणि लो अशा दोन चाली असतात. माझ्या दृष्टीने या गाडीतली सर्वांत मोलाची गोष्ट ही लो चाल आहे. चारही चाकांच्या जोरापेक्षाही मी तिला वरचे स्थान देतो. ओढ्यात उतरताना, दगडांतून वाट काढताना किंवा बांध ओलांडताना गाडी माणसाच्या चालीने, न थांबता आणि न उसळता पुढे सरकली पाहिजे. स्पोर्ट गाडीचा पहिला गिअर अशा चालीसाठी फार वेगाचा असतो, म्हणून चालकाला अर्धा क्लच दाबून ठेवावा लागतो. अर्ध्या तासात हात भरून येतो, क्लचच्या प्लेटा तापतात, आणि रेडिएटरवर पुरेसा वारा येत नसल्याने इंजिनही तापते. मार्चनंतर सोलापूरच्या उन्हात हे सगळे आणखी लवकर घडते.

तुम्हाला एक हिशेब स्वतः करून पाहता येईल. ज्या वाटांवरून जाणार आहात त्या आधी बुलेटवरून किंवा पायी फिरून पाहा, आणि त्यांतला किती भाग ताशी ४० किलोमीटरच्या वर चालवण्याजोगा आहे हे प्रामाणिकपणे ठरवा. वैराग ते बार्शी या पट्ट्यातील पाणंदी मला ठाऊक आहेत तेवढ्यावरून सांगतो की असा भाग फारच थोडा निघेल. रॅप्टर ताशी १०० किलोमीटरच्या पुढे सहज जाते. जी वाट तुम्हाला पंचवीसच्या वर जाऊ देत नाही, तिच्यावर या क्षमतेचे पैसे वाया जातात.

आता चिखलाविषयी. जिल्ह्याचा मोठा भाग काळ्या जमिनीचा आहे, आणि ही माती पाणी पिऊन फुगणारी आहे. पाऊस एकूण कमी, पण सप्टेंबरात जेव्हा पडतो तेव्हा दोन दिवसांत पाणंदीचा राबडा होतो. या मातीचा गुण असा की ती टायरच्या खाचांत जाऊन बसते आणि सुटत नाही. चाकाचे दोन-तीन फेरे झाले की खाचा भरून टायर गुळगुळीत होतो, आणि मग जोर दोन चाकांना मिळतो की चार चाकांना याला फारसे महत्त्व उरत नाही. चारही चाके सारखीच घसरतात. त्यापुढे माती मडगार्डच्या आत साचते आणि चाक फिरायलाच अडते. दोन चाकांची गाडी जेथे वीस फुटांवर रुतते तेथे फोर बाय फोर साठ फुटांवर रुतते, आणि ३२० किलोची गाडी साठ फूट आत रुतलेली बाहेर काढणे हे १९० किलोची गाडी वीस फुटांवरून ओढण्यापेक्षा पुष्कळ कठीण असते. म्हणून काळ्या रानात पाऊस झाल्यावर किमान चार-पाच दिवस कोणतीही एटीव्ही घेऊन जाऊ नये, असे मी सर्वांना सांगतो. शिवाय त्याच सुमारास रब्बी ज्वारीची पेरणी चाललेली असते, आणि ओल्या पाणंदीत तुम्ही पाडलेले खड्डे पुढे शेतकऱ्याच्या बैलांना आणि ट्रॅक्टरला वर्षभर सोसावे लागतात.

मग चार चाकांचा जोर कोठे लागतो? ओढ्याच्या उतरणीवर, सुट्या मुरमाच्या चढावर, आणि जेथे एक चाक हवेत राहते अशा दगडी जागी. स्पोर्ट्समनमध्ये चार चाकांचे बटण दाबलेले असेल तर मागची चाके घसरू लागली की पुढची आपोआप जोर घेतात. यामाहाच्या ग्रिझलीसारख्या गाड्यांत बटणाने दोन चाके, चार चाके आणि पुढच्या डिफरन्शियलचे लॉक (पुढची दोन्ही चाके एकाच गतीने फिरवणारे) असे तीन टप्पे निवडता येतात. दोन्ही पद्धती चांगल्या आहेत, फक्त एक पथ्य पाळावे : अवघड जागा दिसली की तिच्या आधीच बटण दाबावे. मागची चाके जोरात फिरत असताना बटण दाबले तर पुढच्या शाफ्टला आणि गिअरपेटीला एकदम धक्का बसतो, आणि ही दुरुस्ती महाग असते. पुढचे लॉक लावल्यावर हँडल जड होते आणि गाडी वळायला नकार देते, त्यामुळे ते अडथळा ओलांडण्यापुरतेच वापरावे. पॉवर स्टिअरिंगचा पर्याय मिळत असेल तर त्यावर पैसे खर्च करा. दिवसभराच्या भटकंतीनंतर मनगटे त्याची साक्ष देतील.

फोर बाय फोरचे दोषही सांगितले पाहिजेत. ती उंच आणि जड असते, त्यामुळे आडव्या उतारावर ती स्पोर्ट गाडीपेक्षा लवकर कलंडते. बालाघाटच्या पायथ्याला तुम्ही जाल तेव्हा उतार आडवा कापण्याचा मोह टाळा. सरळ चढा किंवा सरळ उतरा, आणि चढताना अंग पुढे, उतरताना मागे ठेवा. तीव्र उतारावर लो चाल लावून थ्रॉटल सोडल्यास इंजिनच गाडीला रोखून धरते, पण सीव्हीटीचा पट्टा पूर्ण ढिला पडेल इतका वेग कमी झाला तर काही गाड्यांत हा रोध एकदम जातो, म्हणून ब्रेकवर बोटे असावीत. गाडी उलटली तर ती एकट्याने उचलता येत नाही. त्यासाठी विंच (दोरी गुंडाळून गाडी ओढणारे यंत्र) बसवून घ्यावा, परंतु विंचची दोरी बांधायला काहीतरी लागते आणि आपल्या माळावर कित्येक ठिकाणी बांधायला एकही भक्कम झाड सापडत नाही. दुसरी गाडी सोबत असणे हाच खरा उपाय आहे, आणि एकट्याने जाऊ नये हा नियम दोन्ही प्रकारच्या गाड्यांना लागू आहे.

तुमच्या बुलेटच्या सरावाविषयी थोडे सावध करतो. मोटारसायकल चालवणाऱ्याला वाटते की चार चाके म्हणजे तोल सांभाळायची कटकट संपली. प्रत्यक्षात बुलेट वळणावर स्वतः झुकते, एटीव्ही झुकत नाही. ती बाहेरच्या बाजूला कलंडू पाहते आणि तिला चालकाच्या वजनाने आत दाबून ठेवावे लागते. थ्रॉटल मनगटाने पिळायचा नसून अंगठ्याने दाबायचा असतो, आणि घाबरल्यावर मूठ आवळली की अंगठाही दाबला जातो. सर्वांत धोक्याची सवय म्हणजे तोल गेल्यासारखे वाटताच पाय जमिनीवर टेकवणे. एटीव्हीवर पाय खाली गेला की मागचे चाक त्यावर चढते. पाय पायटांवरच ठेवण्याची सवय लागेपर्यंत शेतातल्या सपाट जागेवर सराव करा. हेल्मेट, घोट्याच्या वर येणारे बूट आणि हातमोजे पहिल्या दिवसापासून वापरा. हे शिकणे फोर बाय फोरवर सोपे जाते, कारण क्लच आणि गिअर यांच्यात लक्ष गुंतत नाही.

कागदपत्रांचा मुद्दा बहुतेक लोक शेवटी विचारतात. मी तो निवडीच्या वेळीच विचारात घ्यायला सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ नुसार नोंदणी नसलेले वाहन सार्वजनिक जागी चालवता येत नाही, आणि लोकांना जाण्याचा हक्क असलेली वाट, मग ती डांबरी असो वा मातीची, सार्वजनिक जागेतच मोडते. पाणंद त्यात येते. रॅप्टरसारख्या गाड्यांची आपल्याकडे रस्त्यासाठी नोंदणी होत नाही, त्यामुळे ती कायद्याने तुमच्या स्वतःच्या किंवा परवानगी दिलेल्या खासगी जमिनीपुरतीच राहते, आणि तेथपर्यंत तिला छोटा हत्ती किंवा पिकअपमध्ये घालून न्यावे लागते. स्पोर्ट्समन ५७० चे एक रूप मात्र शेतीचा ट्रॅक्टर म्हणून मान्यता घेऊन भारतात विकले गेले आहे. विक्रेता दाखवत असलेली गाडी नेमकी तीच आहे का, हे मान्यतेच्या कागदांवरून पाहा. त्याच नावाची दुसरी, नोंदणी न होणारी गाडी असेल तर हा फायदा नाही. नोंदणी झाली की विमाही मिळतो, आणि कोणाच्या गुराला किंवा माणसाला धक्का लागला तर त्या विम्याचे महत्त्व कळते.

याच ओघात वाटेविषयी. सोलापूरहून बार्शी रस्त्याने जाताना नान्नज लागते, आणि तेथे माळढोक पक्षी अभयारण्य आहे. रस्त्यालगतचे गवताळ माळ मोकळे आणि मोहक दिसतात, पण तेथे गाडी घालणे हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा आहे. माळढोक तेथे अत्यंत दुर्मीळ झाला असला तरी काळवीट, लांडगे आणि जमिनीवर अंडी घालणारे अनेक पक्षी त्याच गवतावर जगतात. अभयारण्याची हद्द सलग नसून वेगवेगळ्या तुकड्यांत आहे, म्हणून नान्नजच्या आसपास डांबरी सोडू नका आणि इतर ठिकाणी माळावर जाण्याआधी वनविभागाकडे चौकशी करा. धाराशिव जिल्ह्यातील येडशीचा रामलिंग परिसरही अभयारण्य आहे, त्यामुळे बालाघाटचा बेत आखताना तोही वगळा.

मुलाविषयी माझे उत्तर नकारार्थी आहे. रॅप्टर आणि साधी स्पोर्ट्समन या दोन्ही एका माणसासाठीच्या गाड्या आहेत. सीट लांब दिसते ती दुसऱ्याला बसवण्यासाठी नसून चालकाला पुढे-मागे सरकता यावे म्हणून असते. मागे कोणी बसले की चढावर पुढची चाके उचलली जातात आणि चालकाला वजन हलवायला जागा राहत नाही. दोघांसाठी लांब चाकांतराच्या वेगळ्या गाड्या येतात. त्यांत मागच्या सीटला पाठ, धरायला मुठी आणि पायांसाठी स्वतंत्र जागा असते. मुलाला स्वतः चालवायला देण्याचा विचार असेल तर मोठ्या एटीव्ही १६ वर्षांखालील मुलांना देऊ नयेत असे उत्पादकच स्पष्ट बजावतात. त्याच्या वयाला बसणारी, वेगावर मर्यादा घातलेली लहान गाडी वेगळी घ्यावी लागेल, आणि तीही शेताच्या बांधाच्या आत.

देखभालीत फरक आहे, पण तो ऐकिवात असतो तितका एकतर्फी नाही. स्पोर्ट गाडीची चेन आणि स्प्रॉकेट धुळीत लवकर झिजतात, मात्र ते बदलणे कोणत्याही चांगल्या मोटारसायकल मेकॅनिकला जमते. फोर बाय फोरचा शाफ्ट बंद असल्याने त्याला रोज हात लावावा लागत नाही, पण अ‍ॅक्सलच्या सांध्यावरचे रबरी बूट बाभळीच्या फांदीने फाटले आणि लक्षात आले नाही, तर आत धूळ शिरून तो सांधा काही दिवसांत निकामी होतो. प्रत्येक फेरीनंतर चारही बाजूंचे बूट बोटांनी चाचपून पाहावेत. सीव्हीटीचा पट्टा जळतो तो बहुधा चालकाच्या आळसाने : ताशी दहा-पंधरा किलोमीटरच्या चालीला, चढाला किंवा ओढकामाला लो चाल न लावता हायमध्येच गाडी रेटली जाते. ओढ्यात पायटांच्या वर पाणी असेल तर पट्ट्याच्या पेटीत पाणी शिरण्याचा धोका असतो, आणि ओला पट्टा घसरतो. एअर फिल्टर रॅप्टरमध्ये फोमचा असतो, काही फोर बाय फोरमध्ये मात्र कागदी असतो, आणि कागदी फिल्टर धुवायचा नसून बदलायचा असतो. काळ्या मातीची धूळ पिठाइतकी बारीक असल्याने फोमचा फिल्टर धुळीच्या प्रत्येक फेरीनंतर धुऊन, पूर्ण वाळवून, फिल्टरचे तेल लावूनच बसवावा. तेल न लावलेला फोम धूळ आत सोडतो आणि सिलिंडर झिजवतो.

टायर हा आपल्याकडचा खरा खर्च आहे. स्पोर्ट गाडीचे टायर वजनाला हलके आणि बाजूने पातळ असतात. बाभळीचा काटा आणि बेसॉल्टची धार दोन्ही त्यांना पुरून उरतात. फोर बाय फोरला जाड, सहा प्लायचे (सहा थरांच्या ताकदीचे) टायर मिळतात, ते घ्या. हवा फार कमी असते, साधारण ५ ते ७ पीएसआय, त्यामुळे पंक्चरवाल्याकडचा मोटारीचा गेज येथे निरुपयोगी आहे. कमी दाबाचा गेज, पंक्चरच्या दोऱ्या आणि छोटा पंप सीटखाली ठेवा. काटा दिसला म्हणून वाटेतच उपटू नका. पुष्कळदा तोच छिद्र बंद करून बसलेला असतो.

स्पोर्ट गाडी घ्यावीच असे मी कोणाला सांगतो? ज्याच्याकडे स्वतःची सलग, टणक, मुरमाड पडीक जमीन आहे, जेथे तो स्वतःचा ट्रॅक आखू शकतो. ज्याची पाठ आणि दंड उभ्याने गाडी हाताळण्याइतके मजबूत आहेत. आणि ज्याला त्या गाडीकडून शेतातले कोणतेही काम नको आहे. तुमच्या मित्राच्या शेतात अशी जागा असेल तर त्याने जरूर रॅप्टर घ्यावी. मात्र एकाच चमूत एक स्पोर्ट आणि दोन फोर बाय फोर असल्या की दिवस बिघडतो; स्पोर्टवाला मोकळ्या जागी पुढे निघून जाऊन वाट पाहत बसतो आणि ओढ्यापाशी बाकीचे त्याची गाडी ओढत बसतात. तुम्ही चौघे मिळून ठरवत असाल तर प्रकार एकच ठेवा.

जुनी गाडी पाहायला जाल तेव्हा, ती कोणतीही असो, पुढचे चाक उचलून वरखाली आणि आडवे हलवून पाहा. खडखड आली तर बॉल जॉइंट आणि बेअरिंग गेले आहेत. एअर फिल्टरची पेटी उघडून फिल्टरच्या आतल्या बाजूने बोट फिरवा. तेथे धूळ असेल तर इंजिनाची झीज गृहीत धरा. रॅप्टर असेल तर मागचा अ‍ॅक्सल फिरवून तो वाकलेला नाही ना, हे डिस्ककडे पाहून तपासा. फोर बाय फोर असेल तर चारही चाके टेकवून लो चालीत सुट्या मुरमाचा चढ चढवून पाहा आणि पुढची चाके खरोखर ओढतात का, ते बाजूला उभ्या माणसाला पाहायला सांगा. बाहेरून आणलेली गाडी असेल तर सीमाशुल्काच्या बिल ऑफ एन्ट्रीची प्रत मागा आणि तिच्यावरचा चॅसी नंबर गाडीवरच्या नंबराशी अक्षरश: जुळवून पाहा, प्रत नाही असे उत्तर आले तर इसार देऊ नका.